दोन काचांचें एक चित्र

पुष्कळ घरांतल्या भिंतीवर कुटुंबाचा एक मोठा फोटो असतो. मधोमध आजोबा, भोंवतीं मुलें, सुना, नातवंडें. धाकटा नातू आजोबांच्या पश्चात् जन्मला, हें घरांतील सर्वांस ठाऊक असतें. तरी फोटोंत तो त्यांच्या गुडघ्याशीं उभा आहे. फोटोवाल्यानें जुन्या तसबिरींतील आजोबा नव्या चित्रांत आणून बसविलेले असतात. घरचीं माणसें ह्यास खोटें म्हणत नाहींत. मग जोडचित्र खोटें केव्हां ठरतें?

ह्या कलेचा उगम एका अडचणींत आहे. ओल्या कलोडियनच्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लौकर होई; जमीन नीट उमटेपर्यंत आकाश कोरें पडे. म्हणून फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे ह्यानें समुद्राची एक व ढगांची दुसरी, अशा दोन काचांवरून एकच चित्र छापलें. १८५७ सालीं इंग्लंडांत ऑस्कर रेलँडर ह्यानें तर तिसांहून अधिक काचांवरून एक भव्य प्रसंग उभा केला. कृति अशी: काचेवरील नको तो भाग काळ्या रंगानें झांकला कीं कागदावर तेवढी जागा पांढरी राहते, मग छापलेला भाग झांकून त्या जागीं दुसरी काच छापावयाची. खरी परीक्षा सांध्याची, आणि त्याहूनहि सावल्यांची. एकावर उजेड डावीकडून व दुसऱ्यावर उजवीकडून आला, कीं बिंग फुटलें.

मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्याच काळांतील मुंबईचा छायाचित्रकार विल्यम जॉन्सन ह्यानें येथील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन खंडांत लंडनमध्यें प्रसिद्ध केला. त्यांतील माणसें एका काचेवरचीं, मागचे देखावे दुसऱ्या. लंडनच्या वाचकास मात्र वाटावें कीं, हीं मंडळी अशींच, तेथेंच उभीं असतात! साक्षीदारानें पाहिलेल्यांत ऐकीव मिसळून सांगावें, तसेंच हें झालें.

दादासाहेब फाळके ह्यांची गोष्ट निराळी. गोध्ऱ्यास फोटोचा धंदा केलेल्या ह्या कलावंतानें १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्मां’त कंसाचें शिर धडापासून विलग करून वर तरंगविलें. असल्या दृश्यांत चित्राचा कांहीं भाग काळ्या आच्छादनानें अस्पर्श ठेवतात. फीत मागें गुंडाळून त्या भागावर दुसरें दृश्य घेतात. नटाचा शिरच्छेद झाला, अशा समजुतीनें कोणी घरीं गेला नसेल. २०२२ सालीं वारलेले अमेरिकन कलावंत जेरी युल्समन अंधाऱ्या खोलींत अनेक एन्लार्जर मांडून मुळांसकट हवेंत तरंगणारा वृक्ष छापीत. त्यांनींहि कोणास फसविलें नाहीं.

आतां संगणक सांधा लपवितो आणि सावलीहि जुळवून देतो. डोळ्यांची जुनी परीक्षा पुरत नाहीं. चित्राखालीं काय लिहिलें आहे आणि तें कोठें छापलें आहे, हेंच पाहावें लागतें. करमाळ्यास कमलादेवीच्या देवळाच्या उंच दीपमाळा आहेत व शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. विहिरीच्या तळाशीं दीपमाळा पेटल्या आहेत, असें चित्र कोणी प्रदर्शनांत मांडलें, तर पाहणारा क्षणभर थबकेल. तेंच स्थळवर्णनाच्या पुस्तकांत घातलें, तर परगांवचा भोळा यात्रेकरू शहाण्णव पायऱ्या उतरून खालीं जाईल आणि तेवढ्याच पुन्हां चढून वर येईल.