गोळी सुटताना शरीराचा आधार

नैराश्यावरील गोळ्या काही महिने घेतल्यावर रुग्णाला बरे वाटू लागते आणि एके दिवशी तो त्या परस्परच बंद करतो. चार-दोन दिवसांत डोके गरगरू लागते, मळमळते, झोप उडते, नजर वळवताच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होते. जुना आजार उलटला, असे घरच्यांना वाटते. गोळी पुन्हा सुरू होते, लगेच आराम पडतो आणि ही आता जन्माची सोबत, अशी समजूत पक्की होते. वास्तविक हा पुष्कळदा आजार नसतो. औषधाला सरावलेल्या शरीराची ती प्रतिक्रिया असते.

दोहोंतला फरक बराचसा काळावरून ओळखता येतो. औषध सुटल्याची लक्षणे बहुधा काही दिवसांतच दिसतात आणि गरगर, झटके यांसारखी काही लक्षणे तर मूळ आजारात कधी नसतातच. नैराश्य मात्र सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परतते. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर बाहेर पडत असल्याने त्यांचा त्रास अधिक होतो, तर फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलेल्या आढाव्यानुसार औषध थांबवणाऱ्या सुमारे ३१ टक्के लोकांनी अशी लक्षणे सांगितली. गंमत अशी, की औषधच नसलेली खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही हे प्रमाण १७ टक्के होते.

मात्रा कशी उतरवावी, याविषयीची जाण अलीकडे बदलली आहे. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की मात्रा आणि मेंदूवरील परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नसते. सिटालोप्रामची २० मिलिग्रॅमची गोळी मेंदूतील सिरोटोनिन-वाहकांपैकी सुमारे ८० टक्के व्यापते. हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणायचे, तर मात्रा साडेतीन मिलिग्रॅमच्याही खाली न्यावी लागते. म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटच्या उंच. गोळीचे अर्ध्यावर अर्धे करत आणून अखेरचा तुकडा एकदम सोडणाऱ्याचा पाय तेथेच मुरगळतो. एक दिवसाआड गोळी घेणेही हितावह नाही, कारण लवकर उतरणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी त्याने रोज वरखाली होते.

या उतरणीवर शरीराच्या अंगाने दिलेला आधार उपयोगी पडतो. २०१५ मध्ये इंग्लंडमधील ४२४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने औषध चालू ठेवले, दुसऱ्याने सजगता-उपचाराचा आठ आठवड्यांचा वर्ग करत, डॉक्टरांच्या मदतीने ते कमी केले. दोन वर्षांत पहिल्या गटातील ४७ आणि दुसऱ्यातील ४४ टक्के रुग्णांना नैराश्याने पुन्हा गाठले. सजगता औषधापेक्षा सरस ठरली नाही; पण फारशी उणीही पडली नाही. असा आधार न देता औषध काढून घेतले तर काय होते, हे २०२१ मधील ब्रिटनच्याच दुसऱ्या चाचणीत दिसले. तेथे वर्षभरात औषध थांबवणाऱ्यांपैकी ५६, तर चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचा आजार उलटला. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण आणि कालावधी वेगळे असल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये, हेही खरे.

या वर्गातील मुख्य अभ्यास म्हणजे पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेका अवयवावरून लक्ष फिरवणे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून तो रुग्णांना शिकवला. त्याचे मूळ ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्या विपश्यना-परंपरेकडे जाते. सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीला रुजवली ती हीच परंपरा. झटका आला, छाती धडधडली, तरी 'मी पुन्हा आजारी पडलो' या निष्कर्षावर उडी न घेता ती केवळ शरीरातील संवेदना म्हणून पाहता येणे, हा त्याचा लाभ. तथापि मात्रा कमी होत असतानाच दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाणे शहाणपणाचे नाही.

घरी करण्याजोगे उपाय साधेच आहेत. रोज ठरावीक वेळी चालावे, झोपण्या-उठण्याची वेळ पाळावी, दुपारनंतर चहा टाळावा. श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांबवला, की हृदयाची गती किंचित मंदावते आणि धडधड सोसणे सोपे जाते. गरगरत असताना शीर्षासन नको, कपालभाती-भस्त्रिकाही नको; जलद श्वसनाने चक्कर वाढते. शवासन किंवा योगनिद्रा चालेल. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून मात्र सावध राहावे. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या औषधांबरोबर घेतल्यास सिरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. आयुर्वेदिक चूर्ण चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

रोजची मात्रा, झोप आणि लक्षणे वहीत टिपून ठेवल्यास पुढची पायरी केव्हा उतरावी, हे मनोविकारतज्ज्ञाला ठरवता येते. त्रास वाढल्यास आधीच्या मात्रेवर परतून काही आठवडे थांबावे लागते. जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.