अकरा तासांत बीडएवढी वस्ती

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५,८५,०४९. आता कानात संसर्ग करणाऱ्या न्यूमोकॉकसचा एकच जिवाणू घ्या. पोषक वातावरण मिळालं तर तो साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. पाच तासांनी हजारावर, दहा तासांनी साडेदहा लाख, अकराव्या तासाला जवळपास ४२ लाख. अकरा तालुक्यांचा अख्खा जिल्हा मागे पडला! शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला इतकं मोकळं रान देत नाहीत, हे खरं. पण संध्याकाळी खेळणारं लेकरू मध्यरात्री कान धरून का किंचाळतं, याचा अंदाज या हिशेबावरून येतो.

हा जिवाणू जेमतेम एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी तान्ह्या बाळात सुमारे १८ मिलिमीटर, म्हणजे जिवाणूच्या अंगाच्या १८,००० पट. साडेपाच फुटी माणसाला त्याच मापाने ३० किलोमीटर पडतील. बीडहून निघालेला गेवराईच्या आसपास पोचेल. आणि न्यूमोकॉकसला स्वतःहून हलताही येत नाही. सर्दीचा शेंबूडच त्याला वर नेतो. मोठ्यांची नळी दुप्पट लांब आणि चांगली तिरपी, बाळाची आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं हे वय कानासाठी सगळ्यात नाजूक. आत पू साठतो, दाब वाढतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड पडदा फाटतो. कान फुटला, म्हणतो आपण.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला हे जिवाणू न्यूमोकॉकसचे दोन नेहमीचे जोडीदार. या दुखण्याचा पसारा केवढा? २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला मधल्या कानाच्या तीव्र संसर्गाचे सुमारे ७० कोटी ९० लाख रुग्ण. दर सेकंदाला २२. त्यातले निम्मे पाच वर्षांच्या आतले.

बीडमध्ये मला काळजी वाटते ती ऊसतोड मजुरांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, लेकरांची. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, तान्ही बाळंही सोबत. थंडी, चुलीचा धूर, एका कोपीत दाटीवाटीने झोपणं, यांतलं प्रत्येक कारण सर्दी आणि कानदुखीला पोषक.

देशभरात २०२१पासून बाळांना न्यूमोकॉकसविरोधी पीसीव्ही लस मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. न्यूमोकॉकसचे शंभरावर प्रकार आहेत; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या लसीत त्यांतले दहा. तिचं मुख्य काम न्यूमोनिया आणि मेंदूज्वर रोखण्याचं, कानाचं संरक्षण थोडंच. तरी ते सोडू नये. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाचे पहिले दोन डोस गावात होतात. तिसरा येतो जानेवारीत, ऐन तोडीच्या हंगामात, गावापासून शेकडो किलोमीटरवर.

म्हणून गाडीत बोचकी भरताना लसीचं कार्ड आठवणीने घ्या. तिसरा डोस कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही मिळतो. कान वाहत असेल तर तेल टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मुकादमांनो, त्या एका दिवसाचा खाडा धरू नका.