सूर्य जवळ असतो तो जानेवारीत

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅरी हे शहर सुमारे ३५.८ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे, तर पुणे १८.५ अंशांवर, म्हणून कॅरीत वाढणाऱ्या आणि आजी-आजोबा पुण्यात असणाऱ्या मराठी मुलांपाशी पृथ्वीची गती तपासून पाहण्याची दोन ठिकाणे आपोआपच असतात. या गतीविषयीचे बरेचसे गैरसमज पुस्तकातली आकृती, भिंतीवरचे घड्याळ आणि दिनदर्शिका यांनाच आकाश मानल्यामुळे निर्माण होतात, आणि दोन गावांतील आकाशे शेजारी ठेवली की ते सहज उघडे पडतात.

त्यांतील सर्वांत चिवट समज असा, की पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ जाते आणि हिवाळ्यात लांब. चुलीजवळ सरकले की ऊब वाढते, हा रोजचा अनुभव या समजाच्या पाठीशी उभा असल्यामुळे मोठी माणसेही त्याला बळी पडतात. प्रत्यक्षात पृथ्वी आपल्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य बिंदू, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाठते. तेव्हा दोहोंतील अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि कॅरीतली मुले जाड जाकिटे घालून शाळेच्या बसची वाट पाहत असतात. सर्वांत दूरचा अपसूर्य बिंदू येतो तो अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे ४ जुलैच्या आसपास, ऐन उकाड्यात. त्या वेळी हे अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर असते.

ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल हे आहे. अक्ष म्हणजे ज्या काल्पनिक रेषेभोवती पृथ्वी स्वतः फिरते ती रेषा. कक्षेच्या प्रतलाला काटकोनात उभ्या असलेल्या रेषेपासून ती सुमारे २३.४ अंश कललेली आहे आणि वर्षभर आकाशातील जवळजवळ एकाच दिशेकडे रोखलेली राहते. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असल्याने कॅरीत दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७८ अंश वर चढतो आणि दिवस साडेचौदा तासांचा होतो. डिसेंबरअखेर तोच सूर्य जेमतेम ३१ अंशांपर्यंत पोहोचतो, त्याचे तिरपे किरण अधिक जमिनीवर पसरून विरळ होतात आणि दिवसही पावणेदहा तासांतच आटोपतो. पुण्यात मात्र मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य ठीक डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण तिच्या बुडाशीच लपते, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या कॅरीत असा दिवस कधीच येत नाही. मग पुण्यात जूनऐवजी एप्रिल-मे अधिक का तापतात, असे एखादे चौकस मूल विचारील, आणि त्याचे उत्तर पृथ्वीच्या कक्षेत नव्हे, तर जूनमध्ये येणाऱ्या मोसमी ढगांत आहे.

या गैरसमजाला आकृत्यांनीही हातभार लावला आहे. पुस्तकांत पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून दाखवतात, म्हणून ती लांबट अंड्यासारखी दिसते. परंतु तीच कक्षा एक मीटर लांबीची काढली, तर तिची रुंदी लांबीहून दीड दशांश मिलिमीटरनेही कमी भरणार नाही आणि सूर्य केंद्रापासून फक्त सुमारे ८ मिलिमीटर बाजूला असेल. नुसत्या डोळ्यांना ते वर्तुळच वाटेल.

पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत एक फेरी पूर्ण करते, हे विधानही अर्धेच खरे आहे. ताऱ्यांच्या संदर्भात ही फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. पण तेवढ्या वेळात पृथ्वी कक्षेत पुढे सरकलेली असल्याने सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यासाठी तिला आणखी सुमारे चार मिनिटे फिरावे लागते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या आकड्यांवरून निघणारा फेरीचा काळ या आधुनिक मूल्याच्या अगदी निकट आहे.

घड्याळाचा घोटाळा यापेक्षा वेगळा आहे. कॅरी आणि पुणे यांच्या रेखांशांत सुमारे १५२.६ अंशांचे अंतर आहे आणि पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते, त्यामुळे दोन्ही गावांच्या माध्यान्हांत नेहमीच सुमारे दहा तास दहा मिनिटांचा फरक असतो. घड्याळे मात्र हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक दाखवतात. आजीला दूरध्वनी करण्याची वेळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलते ती अमेरिकी कायद्यामुळे. पृथ्वीच्या फिरण्याशी या बदलाचा काही संबंध नाही.

इतक्या वेगाने फिरणारी पृथ्वी जाणवत कशी नाही, ही शंका रास्त आहे, कारण फिरण्यामुळे कॅरी ताशी सुमारे १,३५० आणि पुणे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते, शिवाय संपूर्ण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर धावते. शरीराला वेग नव्हे, तर वेगातील बदल जाणवतो. संथ उडणाऱ्या विमानात पेल्यातले पाणी हिंदकळत नाही, तसेच हे आहे.

मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते, हा समज तिळगुळाइतकाच घरोघरी पोहोचलेला आहे. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू होते. भोवरा मंदावताना त्याचा अक्ष जसा घुमतो, तसा पृथ्वीचा अक्षही सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो. या परांचन गतीमुळे ताऱ्यांवर आधारलेले पंचांग ऋतूंपासून सुमारे ७० वर्षांत एक दिवस मागे पडते. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणारंभ एकाच दिवशी येत असत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तेव्हा तारीख १२ जानेवारी होती, आणि आता ती १४ किंवा १५ असते.

याच घुमण्यामुळे ध्रुवताऱ्याचे अढळपदही कायमचे नाही. कॅरीतून तो क्षितिजापासून सुमारे ३६ अंश वर दिसतो आणि पुण्यातून त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. मात्र सुमारे १२ हजार वर्षांनी दोन्ही गावांना उत्तर दिशा दाखवण्याचे काम अभिजित ताऱ्याकडे गेलेले असेल, आणि तो आजच्या ध्रुवताऱ्याइतकी अचूक दिशा दाखवणार नाही.