पुंगळीचा कान : शुद्धी आणि विस्तार

जुन्या तोफेत व ठासणीच्या बंदुकीत आतील दारूपर्यंत आग पोहोचविण्यासाठी एक बारीक छिद्र असे. मराठीत त्यास ‘कान’ म्हणत, आणि शत्रूच्या तोफा निकामी करावयाच्या झाल्यास त्यांच्या कानांत खिळे ठोकीत. कानाशी घातलेल्या पेटवणीच्या दारूस ‘रंजक’ अशी संज्ञा होती. पुढे पेटवण, दारू आणि गोळी ही तिन्ही एका पितळी पुंगळीत बसविलेले काडतूस प्रचारात आले. रंजकेची जागा ‘प्रायमर’ या लहानशा टोपीने घेतली आणि कान पुंगळीच्या बुडात, दृष्टीआड गेला. इंग्रजीत त्यास ‘फ्लॅश होल’ म्हणतात. मराठीत ‘ज्वालारंध्र’ असा शब्द घडविता येईल. परंतु ‘कान’ हा शब्द सिद्ध असताना नव्या शब्दाची निकड नाही.

या कानाचे दोन प्रकार १८६६ च्या सुमारास पुढे आले. अमेरिकेच्या हायरम बर्डनच्या रचनेत बुडाशी दोन बारीक कान असतात. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरच्या रचनेत मध्यभागी एकच. गंमत अशी की, अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली. मध्यावरील एकाच कानातून सरळ सुई घालून वापरलेला प्रायमर बाहेर ढकलता येतो. त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या स्वहस्ते पुन्हा भरण्याची कला अमेरिकेत विशेष फोफावली.

या कलेत कानावर होणाऱ्या क्रिया दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. पहिली क्रिया शुद्धीची. बहुतेक पुंगळ्यांचा कान ठोशाने पाडलेला असतो. ठोसा आत शिरताना छिद्राच्या आतील काठावर धातूची कोर उचलली जाते. कारखान्यातील कामगार तिला ‘बर’ म्हणतात. एका पुंगळीत ती मोठी, दुसरीत लहान, तिसरीत एकाच बाजूस झुकलेली. परिणामी प्रायमरची ज्वाला प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेने दारूत शिरते. पुंगळीच्या तोंडातून हत्यार आत घालून ही कोर हलकेच खरवडून काढतात. पुंगळीच्या आयुष्यात हे एकदाच करावयाचे असते. यातील काही हत्यारांची खोली पुंगळीच्या तोंडावरून ठरते. अशा वेळी सर्व पुंगळ्या आधी एका लांबीच्या करून घेतल्या नाहीत, तर कोर कोठे कमी, कोठे अधिक कापली जाते. दूरच्या लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्यास या शुद्धीचा लाभ संभवतो. जवळच्या अंतरावरील शिकारीत तो क्वचितच जाणवेल.

दुसरी क्रिया विस्ताराची. कानाचा सामान्य व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो. मेणाच्या गोळीने सराव करताना पुंगळीत दारू नसते, केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी सुटते. एरवी दारूच्या दाबाने पुंगळी मागे सरकून बंदुकीच्या पाठीवर दाबली जाते आणि किंचित बाहेर आलेला प्रायमर पुन्हा आत बसतो. मेणाच्या गोळीच्या वेळी तेवढा दाब नसतो. प्रायमर बाहेरच राहतो, आणि रिव्हॉल्व्हरचे चक्र अडते. म्हणून सरावाच्या पुंगळीचा कान मुद्दाम मोठा करतात. अशी पुंगळी पूर्ण दारूसाठी कायमची बाद समजावी लागते. मोठ्या कानातून पेटवण बदलते, दारूचा दाब प्रायमरवर अधिक जोराने उलटतो. प्रायमर फुटल्यास तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

तिसरा प्रसंग अधिक फसवा आहे. १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी सिद्ध केलेल्या पी.पी.सी. काडतुसांच्या पुंगळ्यांत कान सुमारे १.५ मिलिमीटरचाच असतो. नेहमीची सुई त्यात अडकते. कित्येकांस कान वाढविणे हाच सोपा उपाय वाटतो. योग्य उपाय बारीक सुई घेण्याचा आहे, कारण लहान कान हा दोष नसून त्या पुंगळीच्या रचनेचा भाग आहे.

इंग्रजी व्यवहारात या भिन्न क्रियांना ‘रीमिंग’ हे एकच नाव सरसकट लावलेले आढळते. पहिलीत पुंगळी तिच्या मूळ मापाकडे परत येते. दुसरीत ती मूळ मापापासून दूर जाते आणि परतीचा मार्ग उरत नाही. शिवाय भरलेल्या काडतुसाचा कान बाहेरून दिसत नाही. वाढविलेल्या कानाची एक पुंगळी चांगल्या पुंगळ्यांत मिसळली, तर ती ओळखण्यास बुडावर आधी केलेली खूण आणि पेटीवर लिहिलेला शब्द यांखेरीज साधन नाही.

म्हणून मराठीत परिभाषा करताना ‘कानशुद्धी’ आणि ‘कानविस्तार’ या दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. परिभाषेची कसोटी सौष्ठव वा संस्कृतनिष्ठता यांवर लावण्याची प्रथा आहे. ज्या क्रियांतील भेद डोळ्यांना दिसत नाही, तो शब्दाने टिकविला किंवा नाही, ही कसोटी त्याहून पुरातन नसली तरी अधिक निकडीची होय.