कोरफडीचा गर आणि चैत्राचं ऊन

उन्हाळ कांद्याची काढणी लागली म्हणजे माणसं दिवसभर रानात. मान काळवंडते, नाकाची कातडी सोलून निघते. मग कोणीतरी सांगतं, ‘अहो, कोरफडीचा गर चोळून जा, ऊन बाधायचं नाही!’ दुकानात तर ‘वनस्पतिजन्य’ जेलच्या हिरव्या बाटल्या मांडलेल्याच असतात. यात खरं किती, ते पाहू या.

ऊन म्हणजे नुसती उष्णता नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना अतिनील म्हणतात. त्यांतले आखूड लहरींचे किरण वरची कातडी भाजतात, लांब लहरींचे खोल शिरून तिला अकाली सुरकुत्या पाडतात. माणूस सावलीला जाईल, झाड कुठं जाणार? म्हणून ते पानासालीच्या वरच्या थरातच किरण शोषणारी द्रव्यं बनवतं. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन, चहाच्या पानात कॅटेचिन, तांदळाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल. हे शेवटचं नाव आलं हिंगाच्या झाडाच्या शास्त्रीय नावावरून, बरं का!

गुरुजींनी वर्गात एक गंमत करून पाहावी. कांद्याची सुकी सालं स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवावीत. जवळ दिवा-काडी नको. दोन काचेच्या बशा घ्याव्यात, एकीत ते पिवळं पाणी, दुसरीत कोरफडीचा स्वच्छ गर. अंधाऱ्या खोलीत खाली पांढरा शुभ्र कागद ठेवावा आणि वरून नोटा तपासायचा जांभळा दिवा धरावा. दिव्याकडे मात्र कोणी पाहू नये. गराखालचा कागद निळसर चमकत राहतो, कांद्याच्या पाण्याखालचा मंद पडतो. गर म्हणजे बहुतेक सारं पाणीच, ते किरण अडवणार कसं? भाजल्या कातडीला तो गारवा देतो, हे खरं. पण ती झाली नंतरची गोष्ट.

मग कांद्याचं पाणीच फासावं का? तर नाही. बशीतला थर बोटभर जाड, अंगावरचा केसाहून पातळ. शिवाय ही द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, हवा-उजेडात तपकिरी पडून निकामी होतात. जेलमध्ये त्यांना टिकवून धरणं हेच संशोधकांपुढचं कोडं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००५ साली क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळलं. डुकराच्या कातडीवर पाहिलं, तर चौपट असलेलं संरक्षण सुमारे आठपट झालं. म्हणजे वनस्पतीची मदत खोटी नाही. पण बाटलीवर एसपीएफ ३० असेल, तर भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्साच आत जातो, आणि तोही दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लेप लावला तर. आपण लावतो त्याहून पुष्कळ कमी! तेव्हा बाटलीवर पानाचं चित्र नको, हा आकडा पाहावा. आकडाच नसेल, तर ते जेल उन्हासाठी आहे असं धरू नये.

आता खरी जपायची गोष्ट. तोंड उजळावं म्हणून काही मुली लिंबू चोळून उन्हात जातात. लिंबात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की जंबुपार किरण पडताच ती कातडी जाळतात. दुखणं लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. बावचीचं बी याच जातीचं. कोडावर ते वापरतात ते जाणत्याच्या देखरेखीखाली. हौसेनं लावायचं औषध नव्हे. सरबताच्या गाडीवर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यानंसुद्धा हात धुऊनच उन्हात यावं.

रानात जाताना डोईला उपरणं किंवा पदर, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, आणि दुपारी बारा ते तीन झाडाखाली विसावा. कोरफड घरी परतल्यावर. पान कापलं की पिवळा चीक आधी निथळू द्यावा, गर धुवावा, मग लावावा; त्या चिकानं खाज सुटते.