गोड्या पाण्यातील स्पंज आणि जातिनामांची शिस्त : कार्टर यांच्या मुंबईतील संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

स्पंज हा सागरी प्राणी होय, असा समज विद्यार्थ्यांमध्येच नव्हे तर अध्यापकांमध्येही आढळतो. वस्तुतः गोड्या पाण्यात राहणाऱ्या स्पंजांच्या २०० हून अधिक जाती जगभर ज्ञात असून त्यांपैकी काहींचे प्रथम वर्णन महाराष्ट्रातील नमुन्यांवरून झालेले आहे. बुडालेल्या फांद्या, खडक, बंधाऱ्याच्या भिंती यांवर ते पातळ थराच्या वा ओबडधोबड गोळ्याच्या स्वरूपात वाढतात. निगडीच्या सेक्टर २३ मधील जलशुद्धीकरण केंद्रास रावेत बंधाऱ्यावरून पवनेचे पाणी पुरविले जाते. अशा बंधाऱ्यांची दगडी बांधणी उन्हाळ्यात उघडी पडते, तेव्हा तिच्याकडे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहणारे फार थोडे असतात. २०१३ मध्ये पुण्यातील पाच जातींविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. शहरालगतच्या पाण्यातही असा अभ्यास शक्य आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

मुंबईतील पाच जाती

हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारच्या सेवेतील शल्यवैद्य होते. मुंबई बेटावरील तळ्यांतील स्पंजांचे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले व १८४९ मध्ये पाच जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी चार नावे त्यांनी नव्याने दिली : स्पाँजिला अल्बा, स्पाँजिला सिनेरिया, स्पाँजिला प्लुमोसा व स्पाँजिला मेयेनी. अल्बा म्हणजे पांढरी, सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची, प्लुमोसा म्हणजे पिसासारखी. चौथे नाव मेयेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गौरवार्थ आहे.

पाचवी जाती अधिक बोधप्रद आहे. ती युरोपातील लामार्क यांची फ्रायाबिलिस असावी, असे कार्टर यांना वाटले. मात्र खात्री नसल्याने त्यांनी नावापुढे प्रश्नचिन्ह टाकले. पुढे १८६३ मध्ये लंडनच्या बॉवरबँक यांनी ही जाती वेगळी असल्याचे दाखवून तिला स्पाँजिला कार्टेरी असे नाव दिले. ज्या स्पंजाला कार्टर स्वतः नाव देऊ शकले नाहीत, तोच आज त्यांचे नाव धारण करतो. त्या प्रश्नचिन्हाचे मोलही येथे ध्यानात घ्यावे लागते. शंका लपविली असती, तर भारतीय जाती दुसऱ्याच नावाखाली दीर्घकाळ दडून राहण्याची शक्यता होती.

नावाची रचना

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा प्रारंभ लिनियस यांच्या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून धरला जातो. एकाच जातीला अनेक नावे मिळाली असल्यास सर्वसाधारणपणे सर्वांत जुने नाव ग्राह्य ठरते. जातिनाम मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलविले गेले, तर प्रथम नाव देणाऱ्याचे नाव व वर्ष कंसात लिहितात. कार्टेरी आता युनापियस या प्रजातीत आहे. म्हणून युनापियस कार्टेरी (बॉवरबँक, १८६३) असे लिहिणे योग्य. स्पाँजिला अल्बा कार्टर, १८४९ हे नाव मात्र कंसाविना लिहावयाचे, कारण ती जाती मूळ प्रजातीतच राहिली आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांत हे कंस शोभेसाठी असल्याप्रमाणे कोठेही घातलेले वा गाळलेले दिसतात. वास्तविक त्या दोन चिन्हांत जातीचा इतिहास साठविलेला असतो.

विशेषणरूप जातिनामास प्रजातीच्या लिंगाप्रमाणे रूप बदलावे लागते. अ‍ॅनंडेल यांची १९०७ मधील स्पाँजिला क्रासिसिमा ही युनापियसमध्ये गेल्यावर क्रासिसिमस झाली, कारण युनापियस हा शब्द पुल्लिंगी आहे. कार्टेरी हे षष्ठीचे रूप असल्याने ते तसेच राहिले. संस्कृतचा परिचय असलेल्या वाचकास हा नियम परका वाटू नये.

ओळख कशावरून?

रंग व आकार यांवर विसंबता येत नाही. तीच जाती उजेडात शैवालामुळे हिरवी, तर सावलीत फिकट दिसू शकते. प्रवाहानुसार आकारही बदलतो. प्रतिकूल काळात स्पंज जेम्यूल नावाचे सूक्ष्म गोलक तयार करतो. मूळ शरीर नष्ट झाले तरी त्यांतून नवा स्पंज वाढतो. या गोलकांच्या आवरणातील सिलिकामय कंटिका ओळखीचा मुख्य आधार होत. स्पाँजिलात त्या काटेरी दांडीसारख्या असतात, तर एफिडेशियात दांडीच्या दोन्ही टोकांना दंतुर चकत्या असतात. कार्टर यांची मेयेनी आज याच प्रजातीत आहे. जेम्यूल नसलेल्या नमुन्यावर बहुधा प्रजातीपर्यंतही खात्रीने नाव देता येत नाही. अशा वेळी केवळ ‘स्पंज’ अशी नोंद करणे हे अज्ञान नव्हे.

प्रारूप आणि स्थळ

१९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी प्रारूप नमुना स्पष्टपणे निर्देशित करणे संहितेने बंधनकारक केले. वर्णन शब्दांत असते, पण वाद उद्भवल्यास निर्णय प्रत्यक्ष नमुन्यावरूनच होतो. नमुना झिजला वा अपुरा ठरला, तर अभ्यासक मूळ स्थळाकडे वळतो. कार्टर यांच्या जातींचे मूळ स्थळ म्हणजे मुंबई बेटावरील तळी. त्या बेटावरील धोबी तलाव व गोवालिया टँक ही जुनी तळी बुजविली गेली असून आता ती केवळ वस्तीची नावे म्हणून शिल्लक आहेत. पवनेकाठी आज गोळा केलेला, दिनांक व स्थळाच्या चिठ्ठीसह महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवलेला जेम्यूलयुक्त तुकडा उद्याच्या अशाच एखाद्या वादात उपयोगी पडू शकेल. त्यासाठी बाटलीतील अल्कोहोल वेळोवेळी तपासणारा कोणी विभागात असावा लागतो.