जुना संगणक द्यावा कोणाला?

अनेक शाळांच्या अडगळीच्या खोलीत जाड मॉनिटरचे चार-सहा संगणक धूळ खात पडलेले असतात. निर्लेखन मंजूर झाले की भंगारवाला येतो, वजनावर पैसे देतो आणि खोली मोकळी होते. हा माल पुढे जातो कोठे?

भंगारवाल्याचा हिशेब चोख असतो. संगणकाच्या एक टन सर्किट बोर्डांत सुमारे २०० किलो तांबे आणि शंभर-दोनशे ग्रॅम सोने असू शकते. खाणीतल्या टनभर खडकात ५ ग्रॅम सोने असले तरी ती खाण फायद्यात चालते! आक्षेप आहे तो धातू काढण्याच्या पद्धतीला. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत यंत्रे हातांनी सुटी केली जातात. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात, तेव्हा वेष्टनाच्या पीव्हीसीतील क्लोरीनमुळे डायॉक्झिन ही अतिविषारी संयुगे तयार होतात. सोन्यासाठी अम्लराज, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, वापरतात आणि उरलेले गटारात ओततात.

जाड मॉनिटरचे दुखणे वेगळे. त्याच्या नळीतील इलेक्ट्रॉनांना २० हजारांहून अधिक व्होल्टचा दाब वेग देतो. ते पडद्यावर आदळले की क्ष-किरण निर्माण होतात. हे किरण अडविण्यासाठी नळीच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिशाचे ऑक्साइड मिसळतात. एका मॉनिटरमध्ये किलोच्या आसपास शिसे भरते. काच अखंड असेतो ते बंदिस्त राहते. पण मानेवरचे तांब्याचे वेटोळे काढताना नळी फुटते, काच उकिरड्यावर जाते आणि चुऱ्यातून शिसे पाण्यात झिरपू लागते. (नळीत निर्वात असल्याने ती फुटली तर काचा चौफेर उडतात, विद्यार्थ्यांना मॉनिटर उघडायला देऊ नये.)

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०१२ मध्ये लागू झाले. एप्रिल २०२३ पासूनच्या सुधारित नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ते काम नोंदणीकृत केंद्रांकडूनच व्हावे लागते. अशा केंद्रांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. पाच संगणकांसाठी टेम्पो पाठविणे केंद्राला परवडत नाही. तेव्हा केंद्रशाळेने आसपासच्या शाळांचा माल एकत्र साठवावा, हे मला व्यवहार्य वाटते. भंगारवाल्यापेक्षा पैसे कमी मिळतील, हे मुख्याध्यापकांनी आधीच धरून चालावे. पावतीवर केंद्राचा नोंदणी क्रमांक जरूर पाहावा.

माल देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी. तिच्यात मुलांचे निकाल, पत्ते असतात. फाइल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी जाते, पाने तशीच राहतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून तबकडीला ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडावीत आणि मगच ती मालात टाकावी.